कोळशाचे गाव आणि संगणकाची नोकरी

नागपूरहून जबलपूरच्या महामार्गाने निघालेला प्रवासी कामठी ओलांडतो, कन्हान नदीचा पूल लागतो आणि पुलापलीकडे कन्हान गाव सुरू होते. नागपूर शहराची तहान भागविणाऱ्या नद्यांपैकी ही एक. गावाभोवतीची भूमी मात्र कोळशाची. कामठी, इंदर, गोंडेगाव या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी हा या परिसराच्या पोटापाण्याचा आधार. येथील बोलण्यात या कंपनीला 'वेकोलि' म्हणतात, आणि 'मुलगा वेकोलित लागला' ही कित्येक वर्षे घराघरांतील सर्वांत मोठी आनंदवार्ता होती. रामटेकच्या श्री शांतिनाथ क्षेत्री जाणाऱ्या यात्रेकरूंना कन्हान वाटेवरचे जंक्शन म्हणून परिचित असेल. किराणा, कापड, भांडी, हार्डवेअर अशा दुकानांच्या आधाराने येथे स्थिरावलेल्या व्यापारी कुटुंबांनाही खाणीचा पगार कोणत्या तारखेला होतो, हे पंचांगाइतकेच पाठ असे.

गेल्या पंचवीस वर्षांत त्या आनंदवार्तेचे शब्द बदलले. 'आयटीत लागला' किंवा 'आयटीत लागली' असे झाले की पेढे वाटले जाऊ लागले. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा मुलगा पुण्याच्या हिंजवडीत किंवा बंगळूरला संगणकासमोर बसू लागला. मुलींच्या बाबतीत तर या व्यवसायाने फार मोठे काम केले: घराबाहेर पडण्याचे, स्वतःच्या नावावर वेतन घेण्याचे आणि लग्नाच्या बोलणीत स्वतःचे मत मांडण्याचे बळ दिले. लग्नाच्या परिचयपत्रकात 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' हे दोन शब्द असले की पुढचा मजकूर कोणी फारसा वाचत नसे.

आज तोच मजकूर लोक बारकाईने वाचू लागले आहेत. कंपनी कोणती, नोकरी कायम की कंत्राटी, प्रकल्पावर आहे की 'बेंच'वर, असे प्रश्न मुलीचे वडील विचारतात. बारावीनंतर प्रवेशफेरीचा अर्ज भरताना संगणक शाखेचे नाव पहिल्या पसंतीला लिहावे की नाही, या विचारात पालक रात्र जागवतात. वर्तमानपत्रात एके दिवशी हजारोंच्या कपातीची बातमी येते, दुसऱ्या दिवशी कोणा विद्यार्थ्याला मिळालेल्या लठ्ठ वेतनाची. दोन्ही खऱ्या असतात आणि दोन्हींवरून आपल्या घरातील मुलाचे काय होणार ते कळत नाही. म्हणून हा प्रश्न जरा मुळापासून पाहिला पाहिजे, आणि त्याची सुरुवात कन्हानच्या खाणीपासून करणे मला सोयीचे वाटते.

कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये पूर्ण झाले आणि १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. वेकोलि ही तिचीच उपकंपनी. स्थापनेच्या वर्षी कोल इंडियाचे उत्पादन सुमारे ७ कोटी ९० लाख टन होते. २००९-१० मध्ये ते ४३ कोटी टनांवर पोहोचले आणि २०२३-२४ मध्ये ७७ कोटी टनांच्या पुढे गेले. आता माणसांचे आकडे पाहावेत. २०१० मध्ये ही कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा तिच्या हजेरीपटावर जवळपास ४ लाख माणसे होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती संख्या सुमारे २ लाख २९ हजारांवर आली. कोळसा पावणेदोन पटींहून अधिक निघाला आणि माणसे चाळीस टक्क्यांहून अधिक घटली.

हे घडले कसे, ते कन्हान-कामठीच्या जुन्या खाणकामगारांना सांगावे लागत नाही. भुयारी खाणीत पूर्वी लोडर नावाचा कामगार हाताने टब भरीत असे; किती टब भरले त्यावर त्याची मजुरी ठरे. मग कोळसा उचलून भरणारी यंत्रे भुयारात उतरली. त्यानंतर भुयाराऐवजी वरूनच माती काढून कोळसा उघडा करणाऱ्या खाणींचा विस्तार झाला. तेथे शॉवेल आणि डंपर यांचे राज्य. लोडरला बहुधा कोणी घरी पाठविले नाही. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी नवा घेतला गेला नाही, एवढेच. नोकरी गेली ती त्याची नव्हे, त्याच्या मुलाची. आणि ती गेल्याचे पत्र कोणालाच आले नाही. दुसरीकडे वरची माती हटविण्याचे काम खासगी ठेकेदारांकडे गेले. त्या डंपरवरही माणसे आहेत, पण कंपनीच्या हजेरीपटावर त्यांची नावे नाहीत. याच काळात सर्वेक्षण करणारे, यंत्रांची दुरुस्ती करणारे, विजेचे काम जाणणारे आणि सुरक्षेची प्रमाणपत्रे असलेले लोक यांची गरज टिकून राहिली.

संगणकाच्या व्यवसायात आज घडते आहे ते याच जातीचे आहे. फरक एवढाच की खाणीत जे तीस-चाळीस वर्षांत झाले ते येथे फार थोड्या वर्षांत होत आहे.

नॅसकॉम या उद्योगसंघटनेच्या आकड्यांवरून हे दिसते. करोनाच्या काळात सारे जग घरून व्यवहार करू लागले आणि २०२१-२२ या एका वर्षात भारतीय माहिती तंत्रज्ञान उद्योगात सुमारे साडेचार लाख माणसांची भर पडली. २०२३-२४ मध्ये ही भर अवघ्या ६० हजारांवर आली. २०२४-२५ मध्ये ती सव्वा लाखाच्या आसपास सावरली आणि एकूण संख्या ५८ लाखांपर्यंत गेली. म्हणजे उद्योग बुडालेला नाही, हे आधी मनाशी पक्के करावे. परंतु त्या एकूण आकड्याच्या आत पाहिले तर चित्र वेगळे दिसते. २०२३-२४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची माणसे १३ हजारांहून अधिक घटली, इन्फोसिसची जवळपास २६ हजारांनी आणि विप्रोची २४ हजारांहून अधिक. २००४ मध्ये शेअर बाजारात आल्यापासून टीसीएसच्या बाबतीत वार्षिक घट प्रथमच झाली होती. मग जुलै २०२५ मध्ये टीसीएसने एकूण माणसांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या घरात, कमी करण्याचे जाहीर केले. आणि ही कपात मुख्यतः मधल्या व वरच्या पदांवरील असेल असे सांगितले. सहा लाखांहून अधिक माणसांच्या कंपनीत दोन टक्के म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. पण 'टाटांकडे लागला म्हणजे आयुष्याची चिंता मिटली' असे मानणाऱ्या आपल्या पिढीला त्या दोन टक्क्यांनी जो धक्का दिला, तो आकड्यात मोजता येणार नाही.

यामागचे यंत्र समजून घेतले पाहिजे, कारण पालकांच्या बोलण्यात ते क्वचितच येते. आपल्या मोठ्या सेवा कंपन्या परदेशी ग्राहकांना बहुतांशी माणसांचे तास विकत आल्या. एखाद्या अमेरिकी बँकेचे काम घ्यायचे, त्यावर अमुक माणसे अमुक महिने लावायची आणि त्याचे बिल करायचे. या व्यवस्थेचा आकार पिरॅमिडसारखा. वर थोडे अनुभवी लोक, मध्ये त्यांचे प्रमुख, आणि पायाला महाविद्यालयातून नुकतीच आलेली हजारो मुले. नफा प्रामुख्याने या पायातून निघे, कारण नव्या मुलाचे वेतन कमी आणि बिल त्या मानाने बरे. म्हणूनच कंपन्या एकेका महाविद्यालयातून शंभर-शंभर मुले एका दिवसात उचलत. कोणती शाखा, कोणते गुण, याला फारसे महत्त्व नव्हते. यंत्र अभियांत्रिकीचा मुलगाही चालत असे, कारण तीन-चार महिन्यांत त्याला कामापुरते शिकवून घेता येई.

या पायरीवरची कामे कोणती होती? लिहून दिलेल्या नमुन्याप्रमाणे छोटे प्रोग्रॅम लिहिणे, तेच-तेच तपासणे, जुन्या भाषेतील प्रोग्रॅम नव्या भाषेत आणणे, किरकोळ चुका दुरुस्त करणे. हे टब भरण्याचेच काम होते. आणि नेमके हेच काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने चांगल्या रीतीने करू लागली आहेत. गिटहब कोपायलट हे प्रोग्रॅम सुचविणारे साधन २०२२ च्या जूनमध्ये सर्वांना खुले झाले. त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी आले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी सांगितले की, त्यांच्या कंपनीतील नव्या कोडपैकी चतुर्थांशाहून अधिक भाग यंत्र तयार करते आणि अभियंते तो तपासून स्वीकारतात.

या वाक्याच्या उत्तरार्धाकडे लक्ष द्यावे. तपासून स्वीकारणारा माणूस शिल्लक आहे. त्याची किंमत कदाचित वाढलीही आहे. यंत्र मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचे लिहिते, आणि ती चूक बँकेच्या व्यवहारात किंवा रुग्णालयाच्या नोंदीत गेली तर कोणाला जबाबदार धरायचे, हा प्रश्न उरतोच. अडचण वेगळीच आहे. तपासणारा माणूस तयार होतो तो पाच-सात वर्षे स्वतः लिहून, चुका करून आणि रात्री बसून त्या शोधून. खालची पायरीच काढून घेतली तर वरच्या पायरीवर जाणारा येणार कोठून? याचे उत्तर आज कंपन्यांजवळही नाही, आणि माझ्या मते या साऱ्या चर्चेतील खरा चिंतेचा मुद्दा हाच आहे.

तरी सारा दोष कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माथी मारणे योग्य नाही. करोनाकाळात कंपन्यांनी गरजेपेक्षा अधिक भरती केली. मग अमेरिकेत व्याजदर वाढले आणि तेथील ग्राहकांनी खर्च आखडता घेतला. या मधल्या काळात निवडपत्र हाती असूनही रुजू होण्याचा आदेश न मिळालेली मुले वर्ष-वर्ष, काही तर दोन वर्षांहून अधिक काळ घरी बसून होती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. त्यामुळे 'दोन-चार वर्षे इकडे, मग तिकडे' ही ठरलेली वाटही अरुंद झाली. परदेशी कंपन्या स्वतःची कामकाज केंद्रे भारतातच उघडीत आहेत, ही त्यातील चांगली बाजू. २०२४ पर्यंत अशी १७०० हून अधिक केंद्रे आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसे होती. तेथे वेतन चांगले असते, परंतु शंभर मुले एकदम उचलण्याची पद्धत तेथे नाही. निवडून, पारखून घेतात. त्यातील बहुतेक केंद्रे बंगळूर, हैदराबाद, पुणे, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या आसपास आहेत.

दरम्यान महाविद्यालयांनी काय केले? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतील जागांची कमाल मर्यादा उठविली, आणि ज्या शाखेला मागणी त्या शाखेच्या जागा वाढल्या. मागणी संगणकालाच. बाजारातील पहिली पायरी आक्रसत असताना तिच्यावर चढू पाहणाऱ्यांची रांग लांबत चालली आहे. माल येण्याआधी गोदामे भरून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याचे पुढे काय होते, ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे.

व्यापाऱ्याचेच नाव निघाले तर थोडा हिशेबही मांडून पाहू. समजा, खासगी महाविद्यालयात चार वर्षांसाठी ६ लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले. दरवर्षी दीड लाख उचल, व्याज सरळ दहा टक्के, परतफेड शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचे, दुसरीवर चार, तिसरीवर तीन आणि चौथीवर दोन वर्षांचे व्याज चढते. एकूण २ लाख १० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी कर्ज ६ लाखांचे नसून ८ लाख १० हजारांचे असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १० हजार ७०० रुपये. आता मुलाचे वेतन पाहा. मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्याला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीही हा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपासच होता. कपाती वजा जाता हाती पंचवीस हजारांच्या आतबाहेर येतात. त्यातून हप्ता भरला की पुण्यात खोली, जेवण आणि प्रवास यांसाठी चौदा हजार उरतात.

हा हिशेब प्रवेशाच्या आधी घरात बसून, मुलाला शेजारी बसवून करावा. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेले तर चढणारे ते दोन लाख वाचतात. ज्या घरी दुकान चालू आहे तेथे हे बहुधा शक्य असते. २०१४ च्या जानेवारीत केंद्राने जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केल्यापासून व्यावसायिक शिक्षणाच्या काही शिष्यवृत्त्यांसाठीही आपली मुले पात्र ठरू शकतात. उत्पन्नाच्या अटी आणि अर्जाच्या तारखा दरवर्षी तपासाव्या लागतात, आणि आपल्याकडे तारीख निघून गेल्यावर चौकशी करण्याची सवय फार. मोठ्या शहरांतील समाजाची वसतिगृहे हाही एक मोठा आधार आहे. खोलीभाड्याचे सहा-सात हजार वाचणे म्हणजे वरच्या हिशेबात काय, हे सांगायला नको.

आता नागपूरकडे वळू. विदर्भातील मुलांना एके काळी पदवी हाती पडताच पुण्याची गाडी धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, टेक महिंद्र, हेक्सावेअर आहेत. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये पर्सिस्टंट आहे. मिहानबद्दल वीस वर्षांपूर्वी जी स्वप्ने दाखविली गेली, त्या मानाने हे थोडे आहे, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. पण जे आहे ते खरे आहे. खोलीभाडे वाचवून आई-वडिलांजवळ राहणाऱ्या मुलाला नागपुरातले थोडे कमी वेतन पुण्याच्या जास्त वेतनापेक्षा परवडते, आणि मुलींच्या घरी तर हा विचार पहिल्यांदा होतो. बारावीनंतर थेट निवड करून, प्रशिक्षण देऊन नोकरीवर घेणारा आणि सोबत पदवी पूर्ण करू देणारा एचसीएलचा 'टेकबी' हा उपक्रमही पालकांनी माहीत करून घ्यावा. त्याचे प्रशिक्षण शुल्क आणि अटी नीट वाचाव्यात. चार वर्षांच्या महाविद्यालयीन जीवनाला तो सर्वांगी पर्याय नाही, परंतु ज्या घरी सहा लाखांचे कर्ज डोईजड होईल तेथे विचार करण्याजोगा आहे.

शिक्षणसंस्थांबाबत एक सूचना. नागपुरात व्हीएनआयटी, रामदेवबाबा, वायसीसीई अशा जुन्या संस्था आहेत, २०१६ पासून ट्रिपल आयटी आहे. रामटेकला कविकुलगुरू तंत्रशिक्षण संस्था कन्हानपासून रोज जाऊन-येऊन करण्याजोगी आहे. संस्था निवडताना 'सर्वाधिक वेतन' हा फलकावरचा आकडा पाहू नये. तो एका मुलाचा असतो. शंभरातल्या मधल्या मुलाला, म्हणजे पन्नासाव्याला, काय मिळाले ते विचारावे. आणि गेल्या दोन वर्षांत निवड झालेल्यांपैकी प्रत्यक्ष रुजू किती झाले तेही. उत्तर देताना जे अडखळतील त्यांच्याबद्दल आपण आपला अंदाज करावा. व्हीएनआयटीत खाण अभियांत्रिकीची शाखा आहे, हे कोळशाच्या गावातल्या किती घरांना माहीत आहे, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

हे सांगण्याचे कारण आहे. आज ज्यांना बरी मागणी दिसते त्यांच्याजवळ प्रोग्रॅम लिहिण्याबरोबर आणखी एखाद्या व्यवसायाचे पक्के ज्ञान असते. कोळसा वाहून नेणाऱ्या ट्रकवर आता जीपीएस असते, काट्यावर ट्रक आपोआप ओळखणारी आरएफआयडी यंत्रणा असते, आणि त्या वजनाच्या नोंदीवरून बिल तयार होते. ही सारी व्यवस्था कोणीतरी लिहितो, कोणीतरी चालवितो, आणि पावसाळ्यात काट्यावरचा संवेदक बिघडला तर नोंद कशी राखायची ते कोणीतरी ठरवितो. बंगळूरच्या थंड खोलीत बसलेल्या हुशार मुलाला कोळसा भिजला की त्याचे वजन वाढते, एवढी साधी गोष्ट सुचणार नाही. कन्हानच्या मुलाला ती सांगावी लागत नाही.

आणि आपल्या व्यापारी घरांतील मुलांजवळ तर असे ज्ञान वारशानेच आहे, फक्त त्याला ते ज्ञान म्हणून मोजत नाहीत. उधारी कशी चालते, हंगामात माल किती भरायचा, परत आलेल्या मालाची नोंद कोठे करायची, एकाच वस्तूचे दोन ग्राहकांना दोन भाव का असतात, हे गल्ल्यावर बसलेले पोर दहाव्या वर्षी शिकते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा इतिहास या दृष्टीने वाचनीय आहे. बंगळूरचे श्यामसुंदर गोयंका हे गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरविणारे व्यापारी. आपल्या धंद्याचा हिशेब नीट राखील असे सॉफ्टवेअर त्यांना बाजारात मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचा पदवीधर असलेल्या आपल्या मुलाला, भरत यांना, ते लिहावयास सांगितले. १९८६ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली, आणि २०२० मध्ये भरत गोयंका यांना पद्मश्री मिळाली. रोकडवही आणि खतावणी लिहिणारे मुनीमजी त्या काळी घाबरले होते. त्यांपैकी ज्यांनी टॅली शिकून घेतली ते पुढे चार-चार दुकानांचे हिशेब पाहू लागले. ज्यांनी 'आमच्या अक्षराला कोण विचारणार नाही?' असे म्हटले, त्यांच्या अक्षराला खरोखरच कोणी विचारले नाही.

२०१७ च्या १ जुलैपासून जीएसटी आला. २०२३ च्या १ ऑगस्टपासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या बहुतेक व्यवसायांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. कन्हान, कामठी, रामटेक, सावनेर या बाजारांत, इतवारीच्या घाऊक पेठेत आणि बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत अशा प्रत्येक बदलाबरोबर कोणीतरी जाणकार लागतो. हे काम मोठ्या कंपनीचे ओळखपत्र गळ्यात घालून मिरविता येईल असे नाही आणि पहिली दोन वर्षे उत्पन्नही बेताचे असेल. पण येथे ग्राहक समोर बसतो, आणि त्याची अडचण त्याच्याच भाषेत ऐकून सोडविणाऱ्या माणसाला यंत्र अजून तरी सहज हटवू शकत नाही. जो मुलगा ही नवी साधने हाताशी घेईल, तो पूर्वी पाच जणांना लागणारे काम एकटा करील. छोट्या गावातील छोट्या उद्योजकाला कृत्रिम बुद्धिमत्तेचा लाभच होण्याचा संभव अधिक आहे, असे माझे मत आहे.

जे आज शिकत आहेत त्यांच्यासाठी थोडे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा वापर शिकणे आता टाळता येणार नाही, परंतु पहिली दोन वर्षे त्यांच्याकडून उत्तर उतरवून घेण्याचा मोह आवरावा. परीक्षेत गुण मिळतील, मुलाखतीत फळ्यासमोर उभे केले की पितळ उघडे पडेल. डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क या विषयांना मुले 'जुने' म्हणून नाके मुरडतात. यंत्राने लिहिलेले तपासायचे तर हेच विषय कामास येतात. एक पूर्ण काम हातून करावे, मग ते मामाच्या दुकानाचा साठा मोजणारे का असेना. ते खरोखर वापरात असले म्हणजे मुलाखतीत दहा प्रमाणपत्रांपेक्षा त्याची चर्चा अधिक होते. आणि इंग्रजीत दोन परिच्छेद स्वच्छ लिहिता येणे, समोरच्याला शांतपणे समजावून सांगता येणे, याची किंमत आपल्या विदर्भातील मुले फार कमी लेखतात.

मंदीच्या काळात फसवणुकीचा बाजार मात्र तेजीत येतो, म्हणून पालकांना सावध करणे आवश्यक आहे. नोकरी देण्यासाठी कोणतीही प्रामाणिक कंपनी 'अनामत' मागत नाही. दोन-तीन लाख घेऊन अनुभवाची खोटी प्रमाणपत्रे देणारे दलाल शहरोशहरी आहेत. पूर्वीच्या नोकरीची पडताळणी करताना कंपन्या भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी पाहतात आणि खोटे उघड झाले की मुलगा नोकरीला तर मुकतोच, पुढची दारेही बंद होतात. 'शंभर टक्के नोकरीची हमी' देणाऱ्या प्रशिक्षणवर्गांशी करार करताना हमी नेमकी कशाची, न मिळाल्यास पैसे परत कधी, आणि शुल्काच्या नावाखाली मुलाच्या नावावर कर्ज तर काढले जात नाही ना, हे वाचल्याशिवाय सही करू नये. तिसऱ्या कंपनीच्या वेतनपटावर नोकरी मिळत असेल तर ती नाकारू नये, पण कराराची मुदत व नोटिशीचा कालावधी घरी सर्वांना माहीत असावा.

आणि ज्यांच्या घरी नोकरी गेली आहे त्यांच्याविषयी. चाळिशीतला, गृहकर्ज चालू असलेला, दोन मुलांचा बाप असलेला अनुभवी माणूस या कपातीत अधिक सापडतो. असा माणूस पहिले काही आठवडे घरी सांगतच नाही. सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो. समाजाच्या कार्यक्रमांत येणे टाळतो, कारण तेथे 'हल्ली कोणत्या कंपनीत?' हा प्रश्न ठरलेला. हा प्रश्न आपण सर्वांनी काही काळ बाजूला ठेवायला हवा. त्याऐवजी ज्यांच्या हाती माणसे घेण्याचा अधिकार आहे अशा आपल्यातील लोकांनी त्याचा परिचय योग्य ठिकाणी पोहोचवावा. या व्यवसायात जाहिरातीपेक्षा ओळखीच्या शिफारशीने मुलाखत लवकर मिळते. कुटुंबाने सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला असल्याखेरीज नवे मोठे कर्ज काढू नये, हा नियम आता आयटीतील वेतनालाही लागू करावा; दुकानदाराच्या घरी तो पूर्वीपासून आहेच. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्यविमाही जातो, हे बहुतेकांना फार उशिरा लक्षात येते. आई-वडिलांसह कुटुंबाचा स्वतंत्र विमा नोकरी चालू असतानाच घेतलेला बरा.

नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्यातील एक मार्ग ऑटोमोटिव्ह चौकापासून कामठीमार्गे कन्हानपर्यंत येतो आणि दुसऱ्या टोकाचा मिहानहून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीकडे जातो. तो पूर्ण झाला म्हणजे कोळशाच्या गावात गाडीत बसलेली मुलगी न उतरता मिहानपर्यंत आणि त्याहीपुढे कारखान्यांपर्यंत जाऊ शकेल. तोवर कन्हानहून बस किंवा दुचाकीने ऑटोमोटिव्ह चौक गाठायचा आणि तेथून मेट्रोने खापरीला उतरायचे, हा जाण्यायेण्याचा मार्ग आहे. सकाळी जरा लवकर निघावे लागते, एवढेच.